कॉलेजची पायरी चढण्यापूर्वी

वसंत ऋतू हा व्याख्यानांचा ऋतू खरा. पण ज्या घरात बारावीचे मूल आहे, त्या घरात तो धाकधुकीचा ऋतू असतो. परीक्षा आटोपलेली असते, निकाल लागावयाचा असतो, आणि शहागडच्या पुलावरून गोदावरी ओलांडून जाणाऱ्या एस. टी. कडे पाहताना आईबापांच्या मनात एकच प्रश्न येतो : आता हे पोर कोठे जाणार, आणि तेथे त्याला घेतील काय ?

या प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. पहिला भाग पात्रतेचा : विद्यापीठात शिकण्याचा अधिकार मुलाला मिळाला आहे किंवा नाही. दुसरा प्रवेशाचा : ती पात्रता कागदांनी आणि वेळेवर सिद्ध करता येते किंवा नाही. आमचा आजवरचा अनुभव असा की, खेड्यातील मुले पहिल्या भागात जितकी अडत नाहीत तितकी दुसऱ्या भागात अडतात.

पात्रता ठरविण्याची रीत मात्र नेहमी आजच्यासारखी नव्हती. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, आणि आत कोणास घ्यावयाचे हे ते स्वतःच परीक्षा घेऊन ठरवू लागले. तीच मॅट्रिक. १८५९ साली झालेल्या पहिल्या मॅट्रिकमध्ये उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पुढे १८७५ साली ज्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेच हे रानडे. आपण आज ज्या मांडवात बसलो आहोत, त्याचा मूळपुरुषही एकेकाळी प्रवेशपरीक्षेच्या दारात उभा होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आपल्या मराठवाड्याची कथा याहून निराळी. आपण हैदराबाद संस्थानात होतो. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हेच आपले विद्यापीठ, आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला पदवी हवी असेल, तर आधी परक्या भाषेचा डोंगर चढावा लागे आणि मग हैदराबादचा रस्ता धरावा लागे. १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून औरंगाबाद आणि हैदराबाद येथील अनेक विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आपले दार उघडले. प्रवेश ही नुसती कारकुनी बाब नव्हे. कोणाला आत घ्यावयाचे यावरून एखाद्या संस्थेची माणुसकी कळते, हे त्या वर्षी मराठवाड्याने अनुभवले.

१९४८ च्या सप्टेंबरात संस्थान मुक्त झाले. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि १९९४ साली त्याला बाबासाहेबांचे नाव मिळाले. आज जालना जिल्ह्यातील महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. म्हणजे आपल्या आजोबांना जे हैदराबादेस शोधावे लागले, ते नातवाला आता आपल्याच भागात मिळते.

आता आजची पात्रता पाहू. कोठारी आयोगाने १९६६ साली आपला अहवाल दिला आणि त्यानंतर दहा, दोन आणि तीन वर्षांची रचना देशभर रुजली. तेव्हापासून विद्यापीठाचा उंबरठा म्हणजे बारावी. कला शाखेच्या पहिल्या वर्षाला कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी चालतो. विज्ञान शाखेला बारावी विज्ञानच लागते. विज्ञानाचा मुलगा उद्या इतिहास शिकू शकेल. कला शाखेच्या मुलाला पदार्थविज्ञानाच्या वर्गात बसता येणार नाही. म्हणून खरा निर्णय बारावीनंतर होत नाही, तो दहावीनंतर अकरावीचा अर्ज भरतानाच होऊन गेलेला असतो. त्या दिवशी बापाने बाजाराचे काम बाजूला ठेवून शाळेत यावे, एवढी आमची विनंती आहे.

व्यावसायिक शिक्षणाची वाट वेगळी. तेथे नुसती बारावी पुरत नाही. अभियांत्रिकीसाठी ठराविक विषयांत खुल्या वर्गाला ४५ टक्के आणि राखीव वर्गाला ४० टक्के गुण लागतात, आणि शिवाय राज्याची सी. ई. टी. द्यावी लागते. वैद्यकीसाठी नीट. पाच वर्षांच्या कायदा शिक्षणक्रमालाही सी. ई. टी. आहे, आणि २०२४ पासून बी. बी. ए., बी. सी. ए. यांनाही ती लागू झाली. या परीक्षांचे अर्ज बारावीचा निकाल लागण्यापूर्वीच भरावे लागतात. ‘आधी निकाल लागू द्या, मग पाहू’ असे म्हणणाऱ्याची गाडी निकालाच्या दिवशी चुकलेलीच असते.

यानंतर कागदपत्रे. गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला सर्वांनाच लागतो. दुसऱ्या मंडळाची बारावी असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र आणि विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्र लागते. मध्ये वर्ष वाया गेले असेल तर त्याचा खुलासा करणारे प्रतिज्ञापत्र. सवलत हवी असेल तर उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचे प्रमाणपत्र, इतर मागासवर्गासाठी नॉन-क्रीमीलेअर, आणि व्यावसायिक शिक्षणासाठी जात वैधता प्रमाणपत्र.

या शेवटच्या कागदाशी मराठवाड्याचा इतिहास पुन्हा येऊन भिडतो. जातीचा पुरावा ठरावीक तारखेच्या आधीचा मागितला जातो : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या काळी आजोबा शाळेत गेले असतील तर शाळेच्या जुन्या रजिस्टरात नाव सापडते. गेले नसतील तर महसुली दफ्तर धुंडाळावे लागते, आणि आपल्याकडील जुने दफ्तर मोडीत किंवा उर्दूत. २०२३ साली अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथून उभ्या राहिलेल्या आंदोलनानंतर शासनाने निजामकालीन नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. त्या आंदोलनाच्या बाजूंविषयी येथे आम्हांला काही म्हणावयाचे नाही. एवढेच दिसते की, नातीचा प्रवेश आजोबांच्या नावापुढील एका शब्दावर अडू शकतो.

ज्याचे आजोबा शिकलेले, त्याचा पुरावा कपाटात असतो. ज्याचे आजोबा निरक्षर, त्यालाच तो शोधत हिंडावे लागते. सवलत ज्याच्यासाठी, अडचणही त्यालाच. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचे तर विचारूच नका. दिवाळीनंतर घराला कुलूप लागते. उन्हाळ्यात ते उघडते तेव्हा हातात थोडे आठवडे उरलेले असतात. त्यात मुलाचे नाव गुणपत्रिकेवर एक, आधार कार्डावर दुसरे आणि दाखल्यावर तिसरे असेल, तर ते आठवडेही हेलपाट्यांत जातात.

यावर उपाय आहे आणि तो फार खर्चाचा नाही. मूल अकरावीत गेले की कागद जमविण्यास लागावे. नावातील चूक शाळा सोडण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्यावी, कारण नंतर ते काम कितीतरी किचकट होते. बारावीत एखादा विषय राहिला तर हताश होऊ नये. पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते. शेती किंवा नोकरी सांभाळून शिकावयाचे असेल, तर १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे.

मुलींच्या पालकांसाठी आणखी दोन शब्द. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ झाले. नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन थांबता येते आणि पुन्हा परतताही येते. पण थांबण्याची ही सोय अडलेल्यांसाठी आहे. मुलीचे लग्न उरकण्यासाठी नाही.

शेवटी एक सूचना करतो. व्याख्यानमाला संपली की मांडव उतरतो, पण एक टेबल आणि दोन खुर्च्या मागे ठेवता येतील. निवृत्त शिक्षक, महसुलातून निवृत्त झालेला एखादा कारकून, मोडी किंवा उर्दू वाचू शकणारा एखादा वयस्क गृहस्थ आणि कॉलेजात जाणारी दोन मुले, यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ तेथे बसावे आणि येणाऱ्याचा कागद पाहून द्यावा. विद्यापीठापर्यंतचा रस्ता सरकारने बांधला आहे. घरापासून त्या रस्त्यापर्यंतची पाऊलवाट मात्र गावानेच मळली पाहिजे.