कोरियातील विद्यार्थिजीवन : माणसांची ओळख आणि देशाची ओळख

परदेशी शिक्षण म्हटले की आपल्या समाजातील पालकांच्या डोळ्यांसमोर प्रथम अमेरिका आणि इंग्लंड हेच देश येतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात व लंडनमध्ये शिकले, तेव्हापासून ती वाट आपल्या ओळखीची झाली आहे. मात्र आता आपली मुले-मुली जर्मनी, जपान आणि दक्षिण कोरिया या देशांकडेही वळू लागली आहेत. पुण्याजवळ रांजणगाव, तळेगाव या भागांत कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेत शिकता येतील अशा परदेशी भाषांमध्ये कोरियन भाषेचे नावही आहे. तेव्हा या देशातील विद्यार्थिजीवन कसे असते, हे आपल्या विद्यार्थ्यांना व पालकांना ठाऊक असणे गरजेचे आहे.

बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी करण्यासाठी पालक येतात. फी किती, व्याज किती, जामीनदार कोण, हे प्रश्न ते मोठ्याने विचारतात. पण उठताना हळूच आणखी दोन प्रश्न विचारतात : "साहेब, पोरगं तिकडं एकटं तर पडणार नाही ना? आणि पैसे फिरण्यात तर उडवणार नाही ना?" या दोन प्रश्नांची उत्तरे देण्याचा सदर लेखात प्रयत्न केला आहे. माझा एक भाचा दक्षिण कोरियातील देगू या शहरात तीन वर्षे शिकला. त्याच्याशी झालेले बोलणे आणि या विषयावरील माझे वाचन हा या लेखाचा आधार आहे.

वर्षाची मांडणी

कोरियात शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये सुरू होते. पहिले सत्र मार्च ते जून आणि दुसरे सत्र सप्टेंबर ते डिसेंबर. मध्ये उन्हाळ्याची व हिवाळ्याची अशा दोन लांब सुट्ट्या असतात. आपल्याकडील जूनच्या हिशेबाने विचार करणाऱ्याने ही गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. मार्चमध्ये विद्यार्थी पोहोचतो तेव्हा थंडी संपलेली नसते. एप्रिलमध्ये चेरीची झाडे फुलतात, आणि देगू हे शहर तर तेथील कडक उन्हाळ्यासाठी साऱ्या कोरियात प्रसिद्ध आहे. विदर्भातील मुलाला तेथील उन्हाळा फारसा जड जात नाही, हिवाळा मात्र जड जातो.

आधी वय, मग मैत्री

कोरियन माणसाशी ओळख झाली की तो लवकरच वय किंवा जन्मवर्ष विचारतो. आपल्याला हे खटकण्याचे कारण नाही. कोरियन भाषेत समोरच्या माणसाच्या मानाप्रमाणे क्रियापदाचे रूप बदलते. आपण 'ये', 'या' आणि 'यावे' असे म्हणतो, त्याहून ही पद्धत अधिक काटेकोर आहे. त्यामुळे वय कळल्याशिवाय बोलायचे कसे हेच ठरत नाही. पूर्वी तेथे मूल जन्मताच एक वर्षाचे धरत आणि नववर्षदिनी सर्वांचे वय एकाने वाढत असे. जून २०२३ पासून कायद्याने सरकारी कामकाजात जगभर चालणारी वयमोजणी लागू झाली आहे.

विद्यापीठात पुढच्या वर्गातील विद्यार्थ्याला 'सन्बे' म्हणतात आणि मागच्या वर्गातील विद्यार्थ्याला 'हुबे'. सन्बेने हुबेला सांभाळून घ्यावे, कोणते प्राध्यापक कसे शिकवतात ते सांगावे, प्रसंगी जेवणाचे पैसेही द्यावेत, अशी जुनी रीत आहे. हल्ली आपापले पैसे आपण देण्याची पद्धत वाढली आहे. जवळीक वाढली की मुलगी मोठ्या मुलाला 'ओप्पा' आणि मोठ्या मुलीला 'ऑन्नी' म्हणते, तर मुलगा अनुक्रमे 'ह्यंग' आणि 'नुना' म्हणतो. आपल्या दादा-ताईंसारखेच हे आहे. वर्गातील काही मुले वयाने मोठी दिसतात, त्याचेही कारण आहे. तेथे तरुणांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. सैन्यदलात ती सध्या सुमारे अठरा महिन्यांची आहे. पुष्कळ मुले शिक्षण मध्येच थांबवून ही सेवा पुरी करतात व परत वर्गात येऊन बसतात.

या ठिकाणी एक गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते. कोरियन माणूस वय विचारतो, कॉलेज विचारतो, पण आडनावावरून जात शोधत नाही. भाचा म्हणाला, "मामा, पहिले सहा महिने मला कसली तरी चुकल्याचुकल्यासारखी जाणीव होत होती. मग कळले, आडनाव सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायची सवय सुटली होती." परदेशातील शिक्षणाचा हा भाग कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

ओळखी वाढतात कोठे?

नुसत्या वर्गात बसून मैत्री होत नाही. तेथील विद्यापीठांत 'तोंगारी' म्हणजे विद्यार्थ्यांची मंडळे असतात. गिर्यारोहण, छायाचित्रण, ढोलवादन, समाजसेवा, क्रिकेट वगळता बहुतेक सर्व खेळ अशी ही मंडळे असतात. सत्राच्या सुरुवातीला ती पटांगणात टेबले मांडून नवीन सभासद घेतात. याशिवाय प्रत्येक विभागाची एका-दोन दिवसांची मुक्कामी सहल निघते. तेथे मुले एकत्र स्वयंपाक करतात, खेळतात, रात्रभर गप्पा मारतात. मे महिन्यात बहुतेक विद्यापीठांत मोठे महोत्सव होतात. सेऊलमधील यॉन्से व कोरिया या दोन विद्यापीठांत दर सप्टेंबरच्या सुमारास बेसबॉल, बास्केटबॉल, आइस हॉकी, रग्बी व फुटबॉल असे पाच खेळांचे सामने होतात. ते पाहण्यासाठी हजारो विद्यार्थी लोटतात.

या मेळाव्यांत 'सोजू' नावाची दारू पिण्याचा प्रघात आहे. वडीलधाऱ्याने दिलेला पेला दोन्ही हातांनी घ्यावा व तोंड बाजूला वळवून प्यावे, असा शिष्टाचार आहे. न पिणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. पेला दोन्ही हातांनी घेऊन त्यात सोडा किंवा सरबत मागावे. मान राखला की माणसे आग्रह सोडतात. पंचशील घेतलेल्या विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी हे नम्रपणे सांगून टाकावे, म्हणजे पुढे अडचण येत नाही.

जेवणाचा प्रश्न शाकाहाऱ्यांना अधिक सतावतो. भाजी दिसली तरी रश्श्यात मांस असू शकते आणि किमचीतही बहुधा मासळीचा अर्क असतो. भात, भाज्या व तिखट चटणी एकत्र कालवून खाण्याचा 'बिबिम्बाप' हा पदार्थ मांस वगळून मागता येतो. विद्यापीठाच्या भोजनालयात जेवण बाहेरच्यापेक्षा स्वस्त पडते. तिखटाची सवय असलेल्या आपल्या मुलांची जीभ तेथे लवकर रुळते, हे मात्र खरे.

एकटेपणाचे दिवस

सर्वांत अवघड दिवस परीक्षेचे नसतात, सणाचे असतात. 'चुसोक' हा सुगीचा सण चांद्र पंचांगाप्रमाणे आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला येतो, म्हणजे आपल्या भाद्रपद किंवा आश्विन पौर्णिमेच्या सुमारास. 'सोल्लाल' हे चांद्र नववर्ष जानेवारी-फेब्रुवारीत येते. या दिवसांत सारा कोरिया आपापल्या गावी जातो, पूर्वजांना मानवंदना देतो. वसतिगृह ओस पडते, पुष्कळ दुकाने बंद राहतात आणि रेल्वेची तिकिटे कितीतरी आधी संपतात. नवख्या विद्यार्थ्याला ही सुट्टी खायला उठते. याला उपाय दोनच. चार दिवसांचा शिधा आधी भरून ठेवावा आणि वसतिगृहात उरलेल्या इतर देशांच्या मुलांना जेवायला बोलवावे. व्हिएतनाम, नेपाळ, उझबेकिस्तान, मंगोलिया येथील मुलेही आपल्यासारखीच एकटी असतात. भाच्याने पहिल्या चुसोकला पिठलं-भात केला. त्या एका जेवणातून झालेली मैत्री आजतागायत टिकली आहे.

प्रवासाची साधने

कोरिया हा लहान देश आहे. सेऊलपासून बुसान सुमारे चारशे किलोमीटर आहे. २००४ मध्ये सुरू झालेली 'केटीएक्स' ही वेगवान रेल्वे हे अंतर साधारण अडीच-पावणेतीन तासांत कापते. विद्यार्थ्याला मात्र 'मुगुंग्हवा' ही संथ व स्वस्त गाडी किंवा एक्सप्रेस बस परवडते. शहरात 'टी-मनी' हे एकच कार्ड भुयारी रेल्वे व बस दोन्हींत चालते आणि ठरावीक वेळेत गाडी बदलल्यास सवलत मिळते. त्यामुळे दर शनिवारी-रविवारी एखादे गाव पाहणे अवघड नाही.

पुष्कळ विद्यार्थी प्रथम जेजू बेटावर जातात. तेथील हाल्लासान हा १९०० मीटरहून उंच ज्वालामुखी पर्वत दक्षिण कोरियातील सर्वोच्च शिखर आहे. तेथे समुद्रात बुडी मारून शिंपले काढणाऱ्या स्त्रियांच्या परंपरेला २०१६ मध्ये युनेस्कोच्या सूचीत स्थान मिळाले. काहीजण उत्तर कोरियाच्या सीमेकडे जातात. २७ जुलै १९५३ च्या युद्धविरामानंतर तेथे चार किलोमीटर रुंदीचा निर्लष्करी पट्टा आखला गेला. त्या युद्धात भारताने लष्करी वैद्यकीय पथक पाठवले होते आणि युद्धकैद्यांच्या प्रश्नावरील तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असावी.

ग्योंगजू आणि हेइन्सा

देगूहून ग्योंगजू जवळ आहे. ही सिल्ला राज्याची प्राचीन राजधानी. आठव्या शतकातील बुलगुक्सा विहार आणि सोक्कुराम येथील दगडी गर्भगृहातील ध्यानस्थ बुद्धमूर्ती १९९५ मध्ये जागतिक वारसा ठरली. त्याच वर्षी हेइन्सा विहारातील लाकडी भांडारांनाही तो मान मिळाला. तेथे तेराव्या शतकात कोरलेल्या त्रिपिटकाच्या ८१,२५८ लाकडी पाट्या आहेत. त्या पाट्यांना कीड व दमट हवेपासून वाचवण्यासाठी खिडक्यांचे आकार वर-खाली वेगवेगळे ठेवून वारा खेळता राहील अशी रचना केली आहे.

कोरिया हा बौद्ध देश आहे, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. २०१५ च्या जनगणनेत सुमारे साडेपंधरा टक्के लोकांनी आपला धर्म बौद्ध सांगितला, तर निम्म्याहून अधिक लोकांनी कोणताच धर्म नाही असे सांगितले. तरी विहारांत सर्वांचे स्वागत होते. २००२ पासून पाहुण्यांना विहारात मुक्कामाची सोय सुरू झाली. पहाटे उठणे, वंदना, १०८ नमस्कार आणि आपल्या वाडग्यात घेतलेला एक कणही वाया न घालवता जेवणे, असा तेथील क्रम असतो. बुद्धजयंती तेथे चांद्र चौथ्या महिन्याच्या अष्टमीला असते. म्हणून बहुतेक वर्षी ती आपल्या वैशाख पौर्णिमेच्या आठवडाभर आधी येते. त्या वेळी निघणारी कंदिलांची मिरवणूक पाहण्याजोगी असते.

याच सिल्ला राज्यातील ह्येचो नावाचा तरुण भिक्खू आठव्या शतकात समुद्रमार्गाने भारतात आला, पायी फिरला आणि मध्य आशियातून चीनला परतला. त्याचे प्रवासवर्णन १९०८ मध्ये दुनह्वांगच्या लेण्यात सापडले. आपले विद्यार्थी आज जेथे जातात, तेथील विद्यार्थी सुमारे तेराशे वर्षांपूर्वी आपल्याकडे येत होते.

जिंजूचा धडा

प्रवासवर्णनांत न येणारे एक गाव म्हणजे जिंजू. देगूहून तेथे बसने जाता येते. कोरियात जात नव्हती असे समजू नये. जोसॉन राजवटीत खाटीक, चामड्याचे काम करणारे व टोपल्या विणणारे यांना 'बेकजॉंग' म्हणून वाळीत टाकले जाई. त्यांची वस्ती वेगळी, पोशाखावर बंधने. १८९४ च्या सुधारणांनी कायद्याने हा भेद संपला, व्यवहारात संपला नाही. मुलांना शाळेत प्रवेश नाकारला जात असे. त्यातून एप्रिल १९२३ मध्ये जिंजू येथे 'ह्यंगप्यंगसा' ही संघटना स्थापन झाली. या नावात तराजूच्या समतोलाचा अर्थ आहे. तराजू हे खाटकाचे रोजचे साधन, तेच त्यांनी समतेचे चिन्ह केले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, म्हणजे त्यानंतर चारच वर्षांनी. समुद्राच्या दोन टोकांना एकाच काळात माणसे एकच गोष्ट मागत होती.

जिंजूमध्ये या चळवळीचे स्मारक आहे. आज कोरियात कोण कोणाचा वंशज, हे सहसा कोणी विचारत नाही. वसाहतवादी राजवट, युद्ध, स्थलांतर आणि शहरीकरण यांत जुनी ओळख पुसली गेली. केवळ कायद्याने जे झाले नाही ते कशाकशाने झाले, याचा अभ्यास आपल्या एखाद्या विद्यार्थ्याने करावा, असा हा विषय आहे.

पैशाचा हिशेब

आता पालकांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. शैक्षणिक कर्जात बँक फी, वसतिगृह, पुस्तके, विमानभाडे हा खर्च धरते. सहलीचा खर्च धरत नाही. शिवाय परतफेड शिक्षणानंतर सुरू होत असली तरी व्याजाची आकारणी पहिल्या उचलीपासूनच होते. म्हणून कर्जाच्या पैशावर सहल नको. कोरिया सरकारची 'ग्लोबल कोरिया स्कॉलरशिप' मिळाली तर फी, विमानभाडे व मासिक भत्ता मिळतो. त्यात आधी एक वर्ष भाषा शिकावी लागते व 'टोपिक' परीक्षेची किमान तिसरी पातळी गाठावी लागते. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती यांच्या चालू वर्षाच्या अटीही अर्ज करण्यापूर्वी वाचून घ्याव्यात. सत्र चालू असताना काम करायचे तर विद्यापीठाची संमती व इमिग्रेशन कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी. विनापरवाना काम केल्यास व्हिसा धोक्यात येतो. २०२५ मध्ये तेथील किमान वेतन ताशी १०,०३० वॉन झाले. मार्च २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांना राष्ट्रीय आरोग्य विम्याचा मासिक हप्ता भरावा लागतो, तोही अंदाजपत्रकात धरावा.

भाच्याची पद्धत सोपी होती. भत्ता जमा झाला की विमा, जेवण व घरभाड्याचे पैसे बाजूला काढायचे. उरले त्यातील निम्मे शिल्लक, निम्म्यात महिन्याला एक गाव. तीन वर्षांत त्याने अशी तीसच्या वर गावे पाहिली आणि घरून एक रुपयाही मागवला नाही.

पालकांना एवढेच सांगावेसे वाटते, मुलाला फिरू नको असे सांगू नका, हिशेब लिहून फिर असे सांगा. खोलीत बसून मिळणारी पदवी येथेही मिळते. तेथील माणसांत बसून, त्यांच्या भाषेत चार वाक्ये बोलून, त्यांचा इतिहास त्यांच्याच गावात पाहून जे मिळते, त्यासाठीच इतका दूरचा प्रवास करायचा असतो. विद्यार्थ्यांनीही परत आल्यावर आपला अनुभव संस्थेच्या अभ्यासिकेत येऊन लहानांना सांगावा. पुढच्या विद्यार्थ्याला सन्बे मिळाला, की त्याची निम्मी भीती येथेच संपते.