बोगद्यातली गाडी ओळखणारा दिवा

मुलांची खेळण्यातली रेल्वे बोगद्यात शिरली की दिसेनाशी होते. मागून दुसरी गाडी सोडावी की थांबावी? रुळांनाच हे विचारता येते. आमच्या घरात मुलांनी आणि मोठ्यांनी मिळून ही जोडणी केली. सगळे सुटे भाग इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात मिळतात.

युक्ती सोपी आहे. बोगद्याच्या दोन्ही टोकांना एकच रूळ कापायचा आणि फटीत प्लास्टिकचा तुकडा बसवायचा. दुसरा रूळ अखंड ठेवायचा. कापलेल्या तुकड्याला करंट सरळ न देता चार डायोडमधून द्यायचा. एका दिशेला दोन आणि उलट दिशेला दोन असे ते जोडायचे. १एन५४०१ हे डायोड तीन अँपिअरपर्यंत चालतात. इंजिन या तुकड्यावर आले की करंट वाहतो आणि प्रत्येक डायोडवर सुमारे ०.७ व्होल्ट, म्हणजे दोघांवर मिळून सुमारे १.४ व्होल्ट पडतात. तेवढ्यावर ४७ ओहमच्या रेझिस्टरमागे जोडलेल्या पीसी८१४ या ऑप्टोकपलरच्या आतला छोटा दिवा लागतो. हा भाग दोन्ही दिशांचा करंट ओळखतो, त्यामुळे गाडी पुढे गेली काय नि मागे आली काय, फरक पडत नाही. त्याच्या पुढे बीसी५४७ ट्रान्झिस्टर जोडला की फलकावरचा लाल दिवा पेटतो.

डबे मात्र करंट खात नाहीत. डबा मागे सुटला तर तो दिसणारच नाही. त्यासाठी शेवटच्या डब्याची चाके धातूची हवीत, आणि एका आसावरच्या दोन चाकांमध्ये पाच किलोओहमच्या आसपासचा रेझिस्टर बसवावा. रेग्युलेटर शून्यावर आणला की करंटच उरत नाही आणि दिवाही विझतो, हेही मुलांना आधीच सांगून ठेवावे.

खरा धडा पुढे आहे. आमच्या जोडणीत तार तुटली तर दिवा विझलेलाच राहतो आणि गाडी आत असूनही रूळ रिकामा वाटतो. खऱ्या रेल्वेत याच्या उलट असते. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ साली पेटंट घेतलेल्या ट्रॅक सर्किटमध्ये रूळ रिकामा असताना करंट वाहतो आणि रिले ओढलेला राहतो. गाडी आली की चाके आणि आस दोन्ही रूळ जोडतात, रिले सुटतो आणि सिग्नल लाल होतो. तार तुटली, बॅटरी उतरली किंवा रूळ मोडला, तरीही बहुधा लालच. म्हणजे शंका आली की गाडी थांबते. जीव वाचवणाऱ्या यंत्राने असेच बिघडायला हवे.

एक खबरदारी घ्या. मुलांनी काम फक्त १२ व्होल्टच्या बाजूला करावे. २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर कोणी उघडू नये, आणि सोल्डरिंगच्या वेळी मोठे माणूस शेजारी बसलेले असावे. दिवा लागला की मुलांना एकच प्रश्न विचारा: हा विझला, तर त्यावर विश्वास ठेवाल का?