आकाशातल्या वाटा आणि मनोऱ्यातला माणूस



आकाश एवढे विस्तीर्ण, तेथे टक्कर कशी होईल, असे आपणांस वाटेल. पण विमानतळाजवळ आकाश अरुंद होते. उतरणाऱ्या प्रत्येक विमानाला धावपट्टीच्या रेषेतच यावे लागते. आणि हेलिकॉप्टर तर खालूनच उडते. म्हणून हेलिकॉप्टरांना वेगळी वाट आणि उंचीची मर्यादा आखून देतात. मनोऱ्यातला नियंत्रक दोघांत अंतर राखतो. कधी वैमानिकच कळवितो, 'ते विमान मला दिसते आहे, मी त्याला टाळीन.' मग ती जबाबदारी त्याच्यावर जाते.

आता वॉशिंग्टनचे उदाहरण घ्या. 29 जानेवारी 2025 च्या रात्री पोटोमॅक नदीवर लष्करी हेलिकॉप्टर आणि उतरणारे प्रवासी विमान एकमेकांवर आदळले. दोहोंतील सर्व 67 माणसे दगावली. हेलिकॉप्टरला मर्यादा 200 फुटांची, ते होते सुमारे 278 फुटांवर. विमान दिसते, असे त्यातून कळविले होते. पण रात्री दिव्यांच्या गर्दीत नेमके कोणते विमान, हे ओळखणे सोपे नसते. टक्कर टाळणारे यंत्र प्रवासी विमानात असते. परंतु सुमारे हजार फुटांखाली ते 'वर जा' असा हुकूम देत नाही, नुसते सावध करते.

मग दोष मर्यादा मोडणाऱ्याचाच ना? थांबा. चौकशीत आढळले की, मर्यादा पाळली तरी नदीच्या पूर्व काठाशी त्या दोन वाटांत उभे अंतर अवघे 75 फुटांच्या आसपास उरत होते! आणि मनोऱ्यात हेलिकॉप्टरे व विमाने ही दोन्ही कामे त्या वेळी एकच नियंत्रक पाहत होता.

हे आम्हांला ओळखीचे वाटले. आमची विद्या कारखान्याच्या दारावरची. तेथे रजेवरच्या सोबत्याचे यंत्र शेजाऱ्याच्या गळ्यात पडते. रोज निभावते, म्हणून तोच रिवाज होतो. एके दिवशी निभावत नाही, आणि सारे त्या एकट्याकडे बोट दाखवितात.

इशारे नव्हते असे नाही. ऑक्टोबर 2021 ते डिसेंबर 2024 या काळात त्या विमानतळापाशी विमान आणि हेलिकॉप्टर यांच्यात आडवे अंतर एका सागरी मैलाहून आणि उभे 400 फुटांहून कमी असल्याच्या 15,214 नोंदी होत्या. ती वाट सर्वसाधारण हेलिकॉप्टरांना कायमची बंद झाली ती मार्च 2025 मध्ये, 67 चिता पेटल्यावर.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: थोडक्यात वाचलो, असे जेथे कोणी म्हणेल, तेथे देवाचे आभार जरूर माना, पण त्याच दिवशी नोंदवही उघडून कारणही शोधा.