तिळात अडीच मीटर, हरभऱ्यात 3 किलोमीटर

संक्रांतीच्या ताटातला एक तीळ उचलून बोटावर घ्या. आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा जीवाणू सुमारे 2 मायक्रॉन लांब असतो. तो दीड हजार पट फुगवला की या तिळाएवढा, 3 मिलिमीटरचा होईल. माणसाची साधारण 20 मायक्रॉनची पेशी तेवढीच फुगवली, तर तिचा होईल तिळाचा लाडू, काही हजार तीळ मावतील एवढा. आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी पेशींतला फरक पाठ्यपुस्तकात ‘केंद्रक नाही’ आणि ‘केंद्रक आहे’ एवढ्यावर आटोपतो. मला वाटतं, तो धाग्याने मोजावा.

जीवाणूचा डीएनए उलगडला तर दीड मिलिमीटरहून थोडा अधिक भरतो. तिळाच्या मापात तो झाला जवळजवळ अडीच मीटर, आणि जाडी केसाच्या विसाव्या हिश्श्याएवढी. त्याभोवती वेगळं आवरण नाही. पीळ घालून तो तसाच तिळात बसतो. लाडवाच्या पोटात मात्र हरभऱ्याएवढं केंद्रक आहे, आणि त्या हरभऱ्यात 46 तुकडे मिळून 3 किलोमीटर धागा! प्रथिनांच्या सुमारे 3 कोटी रिळांवर गुंडाळलेला असतो, म्हणून मावतो.

त्याहून नवल या धाग्याची नक्कल होण्याचं. ई. कोलायची 46 लाख अक्षरं एका जागेपासून दोन्ही दिशांना, प्रत्येक दिशेला सेकंदाला हजाराच्या आसपास, उतरवली जातात. तरी 40 मिनिटं लागतात. आणि खाणंपिणं मुबलक असेल तर हा जीवाणू दुभंगतो दर 20 मिनिटांनी! जमतं कसं? पहिली नक्कल पुरी होण्याआधीच तो दुसरी सुरू करतो. लेक जन्मते तेव्हा नातीची तयारी अर्ध्यावर आलेली असते. आपल्या पेशीचा वेग सेकंदाला जेमतेम 50 अक्षरांचा. सर्वांत मोठ्या गुणसूत्रात 25 कोटी अक्षरं. एकाच जागेपासून उतरवायला घेतली तर महिना जाईल. प्रत्यक्षात सगळं काम आठेक तासांत उरकतं, कारण ते एकूण हजारो ठिकाणी सुरू होतं.

आणि लाडवात तीळही आहेत बरं का. ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका एकेकाळी स्वतंत्र जीवाणू होत्या; 150 कोटींहून अधिक वर्षांपूर्वी दुसऱ्या पेशीने त्यांना पोटात घेतलं. त्यांचा डीएनए अजून जीवाणूसारखाच गोल आहे. माणसात त्याची अक्षरं उरलीत 16,569.