क्षेत्रीय ध्वनिमुद्रणावरील संस्कार व त्यांच्या मर्यादा : कर्जत-खालापूर परिसराच्या संदर्भात

लोकगीतांचा अभ्यासक खेड्यात जाऊन जे ध्वनिमुद्रण करतो, त्यात गीताबरोबर त्या स्थळाचे इतर ध्वनीही अपरिहार्यपणे येतात. कर्जत व खालापूर या तालुक्यांत ही अडचण विशेष जाणवते. कर्जतहून रेल्वेमार्ग बोरघाट चढू लागतो. खालापूर तालुक्यातून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो. आणि खोपोलीस १९१५ पासून टाटांचे जलविद्युत केंद्र आहे. त्यात पावसाळ्याची भर पडली म्हणजे ठाकर व कातकरी वाड्यांवरील भातलावणीची गाणी किंवा गावातील भजन स्वच्छ मुद्रित होणे कठीण होते. अशा वेळी संगीतनिर्मितीच्या संगणकप्रणालीतील प्लग-इन, म्हणजे मूळ प्रणालीस जोडावयाची ध्वनिसंस्काराची उपप्रणाली, साहाय्यास येते. स्टाइनबर्ग या जर्मन संस्थेने १९९६ मध्ये अशा जोडणीचे एक प्रमाण प्रसृत केले व तेव्हापासून हे साधन सर्वत्र रूढ झाले. तथापि त्यातील मूल्ये कशी ठरवावयाची, हा प्रश्न केवळ यांत्रिक नाही.

प्रथम इक्वलायझरचा विचार करू. आपल्याकडील विद्युत्प्रवाहाची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे सदोष जोडणीतून शिरणारी गुणगुण ५०, १००, १५० हर्ट्झ अशा पटींत आढळते. ती काढण्यासाठी अत्यंत अरुंद खाच पाडणारी गाळणी वापरावी. खाच रुंद केल्यास पुरुषाच्या आवाजाचा पायाभूत स्वरच दुबळा होतो, कारण तो बहुधा १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो. अवजड वाहनांची घरघर मुख्यतः खालच्या वारंवारतांत असते. केवळ स्त्रियांचे गायन असेल तर सुमारे ८० हर्ट्झच्या खालचा भाग वगळल्याने हानी होत नाही. परंतु भजनात मृदंग असल्यास हेच मूल्य त्याच्या धुमेचा गंभीर नाद हिरावून घेते. म्हणजे एकच मूल्य एका गीतास योग्य व दुसऱ्यास घातक ठरते.

दुसरे साधन कॉम्प्रेसर. ठरविलेल्या उंबरठ्यापलीकडे गेलेला ध्वनी ते दाबते. प्रमाण ४ : १ ठेवल्यास उंबरठा १२ डेसिबेलने ओलांडणारा ध्वनी केवळ ३ डेसिबेलने ओलांडतो. भजनातील टाळांचा आघात काही सहस्रांश सेकंदांत उसळतो. साधनाचा प्रतिसाद याहून शीघ्र ठेवला तर टाळाची धार बोथट होते. उलट, दाब सुटण्याचा काळ लांबविला तर निराळाच दोष उद्भवतो. मिनिटास १२० मात्रांच्या लयीत दोन आघातांत अर्ध्या सेकंदाचे अंतर असते. तेवढ्या अवधीत दाब सुटला नाही तर दोन टाळांमधील गायकाचे शब्द दबलेलेच राहतात. यास्तव सुटण्याचा काळ या अंतराहून पुष्कळ कमी असावा.

तिसरे साधन अनुरणनाचे. वॉलेस सॅबाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या सूत्रानुसार, दालनाच्या घनफळास (घनमीटरमध्ये) ०.१६१ ने गुणून एकूण शोषणाने भागले असता, ध्वनी ६० डेसिबेलने क्षीण होण्यास लागणारा काळ सेकंदांत मिळतो. समजा, घनफळ १,००० घनमीटर व शोषण ८० चौरसमीटर आहे; तर अनुरणनकाल सुमारे २ सेकंद येतो. सॅबाइनने शोषणाचे माप उघड्या खिडकीवरून घेतले होते, हे येथे उद्बोधक आहे. कर्जतजवळील कोंडाणे येथील चैत्यगृहाचा कातळ ध्वनी फारसा शोषीत नाही. पण दर्शनी बाजूच्या उघड्या भागातून बाहेर गेलेला ध्वनी परत येत नाही, म्हणून तो भाग पूर्ण शोषकाचेच कार्य करतो. अशा वास्तूचा ध्वनिप्रतिसाद मोजून कोणत्याही गीतावर चढविता येतो. इटलीतील आंजेलो फारिना यांनी २००० मध्ये मांडलेली चढत्या स्वराची मापनपद्धती यासाठी सर्वत्र वापरतात.

येथेच मूळ प्रश्न उभा राहतो. वाडीवरील अंगणात गायिलेल्या गीताला चैत्यगृहाचे अनुरणन दिले तर ते श्रवणीय होईल. मात्र उघड्यावर, कामाच्या ओघात म्हटलेले गीत एखाद्या दालनात सादर झाले, असा समज त्यातून निर्माण होईल. चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात हे क्षम्य आहे. संशोधनाच्या साधनात नाही.

गोंगाट कमी करणाऱ्या प्लग-इनच्या बाबतीत हा धोका अधिक सूक्ष्म आहे. जो ध्वनी सतत व एकसारखा, तो गोंगाट, असे ही प्रणाली गृहीत धरते. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातील खेड्यांतून १,००,००० हून अधिक जात्यावरील ओव्या संकलित झाल्या. घाटमाथ्यावरील मुळशीचा परिसरही त्यात आहे. अशा ओवीच्या मुद्रणात जात्याची घरघर हा नेमका सतत चालणारा ध्वनी. प्रणालीच्या लेखी तो केर ठरतो; अभ्यासकाच्या लेखी मात्र ओवीची लय, श्वासाची जागा व ओळीची लांबी यांचा संबंध त्याच फेऱ्याशी असतो. पाऊस काढताना जातेही गेले, तर उरलेला कंठस्वर स्वच्छ असूनही त्याचा पुरावा म्हणून उपयोग मर्यादित होतो.

या विवेचनातून काही नियम निष्पन्न होतात. मूळ मुद्रण कोणताही संस्कार न करता जतन करावे. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट हे परिमाण सुचविले आहे. संस्कार केवळ प्रतीवर करावेत, आणि प्रत्येक प्लग-इनचे नाव, आवृत्ती व मूल्ये नोंदवून ठेवावीत. संस्कारापूर्वीचा व नंतरचा ध्वनी समान पातळीवर आणूनच तुलना करावी. कारण किंचित मोठा ध्वनी कानास सदैव अधिक चांगला भासतो. शेवटी, काय काढून टाकले हे स्वतंत्रपणे ऐकून पाहावे. त्या टाकाऊ भागात टाळाची किनार, शब्दाचा ऊष्मवर्ण किंवा जात्याचा फेरा ऐकू आला, तर मूल्ये अतिरेकी आहेत असे निश्चित समजावे. ध्वनी निर्मळ करण्याइतकेच, त्यातील गोंगाट कोणता व गीत कोणते याचा निर्णय करणे महत्त्वाचे आहे. आणि तो निर्णय यंत्राचा नसून अभ्यासकाचा असतो.