नाव, वल्द, साकीन

संयुक्त राष्ट्रांचा ठराव म्हणजे न्यूयॉर्कमध्ये उच्चारलेला आणि तेथेच विरलेला निषेध, अशी समजूत जालन्याच्या मोंढ्यात बसणाऱ्या शहाण्यासुरत्या माणसांचीही असते. परंतु सुरक्षा परिषदेने १९९९ साली तालिबानविरुद्ध केलेल्या १२६७ क्रमांकाच्या ठरावातून जन्मलेली, व पुढे अल्-कायदा आणि इसिस यांच्या नावाने चालू राहिलेली निर्बंधांची यादी, मुंबईवरील हल्ल्यानंतर बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियमात घातलेल्या ५१-अ या कलमाच्या आधारे, रिझर्व्ह बँकेमार्फत बँकांकडे आणि राज्य शासनामार्फत खरेदीखते नोंदणाऱ्या निबंधकांच्या दप्तरात येऊन पोहोचते. साधे बचत खाते उघडणाऱ्या इसमाचे नावही तिच्याशी ताडले जाते. त्याला बिचाऱ्याला याची गंधवार्ता नसते.

भारताने मागितले की नाव चढले, असेही नाही. ही यादी सांभाळणाऱ्या सुरक्षा परिषदेच्या समितीतील पंधराही सदस्यांची संमती लागते. हाफिज सईदचे नाव मुंबईवरील हल्ल्यानंतर पंधरवड्यात, १० डिसेंबर २००८ रोजी चढले. मसूद अजहरचे मात्र, चीनच्या हरकतींपायी, १ मे २०१९ पर्यंत रखडले.

दहशतवादी संघटनांतील भरतीविषयीचा गैरसमज याहून चिवट आहे. अडाणी आणि उपाशी पोरेच अशा गळाला लागतात, असे म्हणणाऱ्याला कल्याण आठवत नसावे. तेथून मे २०१४ मध्ये यात्रेकरूंबरोबर बगदादला जाऊन पुढे इसिसकडे वळलेल्या चौघा तरुणांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते. जागतिक बँकेने २०१६ साली इसिसच्या सुमारे ३,८०० परदेशी रंगरुटांच्या फुटलेल्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांत निरक्षर शंभरी जेमतेम दोन निघाले. सप्टेंबर २०१४ च्या २१७८ क्रमांकाच्या ठरावाने असा प्रवास, त्यासाठी पैसा पुरविणे व भरती करणे यांना गुन्हा ठरविणे सर्व राष्ट्रांवर बंधनकारक केले.

नाव जुळले म्हणजे माणूस जुळला, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. एकाच नावाचे दहा इसम ज्या गावात सहज सापडतात, तेथे तो निरपराध्याच्या मुळावर येतो. निजामी अमदानीतील मुनशी नावापुढे वल्द, म्हणजे बापाचे नाव, आणि साकीन, म्हणजे राहण्याचे ठिकाण, लिहिल्याविना कागद पुढे सरकवीत नसे. या यादीतही नावाखाली जन्मतारीख, जन्मस्थान, राष्ट्रीयत्व, पारपत्र क्रमांक आणि टोपणनावे यांचे रकाने आहेत, व टोपणनावांतही भरवशाची कोणती आणि कच्ची कोणती, हे वेगळे दाखविलेले असते. ते रकाने न वाचता कारकुनाने केवळ नावावरून खाते अडवावे, हा यादीचा दोष नव्हे, आळसाचा आहे. तरीही नामसाधर्म्याने कोणाची मालमत्ता गोठलीच, तर त्याने पुराव्यानिशी बँकेकडे लेखी अर्ज द्यावा. तो कामकाजाच्या दोन दिवसांत वर धाडणे बँकेवर बंधनकारक आहे. अर्जाची पोच तेवढी मागून घ्यावी.