घरातील चोरटी खाण

घरातील सर्व मंडळी निजली आहेत, दिवे मालवले आहेत, आणि कोपऱ्यातील मेजावरचा संगणक मात्र जागा आहे. त्याचा पडदा काळा आहे, कळफलकाला कोणी बोट लावलेले नाही. तरीही आतला पंखा गिरणीसारखा घोंघावतो आहे आणि पेटी चांगलीच तापली आहे. घर बडोद्याचे असो, इंदूरचे असो की नागपूरचे, हे दृश्य आज दुर्मिळ राहिलेले नाही. सकाळी घरधनी कामाला बसतो तेव्हा यंत्र कासवाच्या चालीने चालते, आणि ‘जुने झाले, चालायचेच’ असे म्हणून तो स्वतःचे समाधान करून घेतो. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु कधी कधी यंत्र जुने झालेले नसते. ते रात्रभर दुसऱ्या कोणाची तरी चाकरी करून थकलेले असते.

ही चाकरी कसली, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. ऑक्टोबर २००८ मध्ये सातोशी नाकामोतो हे नाव धारण करणाऱ्या कोणा अज्ञाताने एका नव्या चलनाची कल्पना निबंधरूपाने मांडली, आणि जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइन हे चलन प्रत्यक्ष सुरू झाले. पेढीवर जशी कीर्द असते तशी या चलनाचीही एक कीर्द आहे. फरक एवढाच की, ती कोणा एका शेटजींच्या तिजोरीत नसून जगभरच्या हजारो संगणकांवर तिच्या प्रती असतात. या कीर्दीला नवे पान कोणी जोडावयाचे, हे एका शर्यतीने ठरते. पानावरील मजकुराला एक आकडा जोडावयाचा आणि तो सर्व ऐवज एका गणिती चरकातून पिळून काढावयाचा. निघालेली संख्या ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा लहान असेल तर पान मान्य. नाही तर दुसरा आकडा घेऊन पुन्हा तोच खटाटोप. यात बुद्धीचे काम मुळीच नाही. अंकी कुलपाचा आकडा विसरलेला मनुष्य एकेक अंक फिरवीत बसतो, त्यातलाच हा प्रकार. ज्याचा आकडा प्रथम लागेल त्याला नवी नाणी बक्षीस मिळतात, आणि म्हणूनच या कामाला ‘खाणकाम’ असे नाव पडले. बिटकॉइनच्या एका पानाला आरंभी ५० नाणी मिळत. दर चार वर्षांच्या सुमारास हे बक्षीस निम्मे होते आणि एप्रिल २०२४ मध्ये ते ३.१२५ नाण्यांवर आले.

आता बिटकॉइनच्या खाणीत घरगुती संगणकाला काही वाव उरलेला नाही. तेथे त्याच एका कामासाठी घडविलेली यंत्रे गोदामे भरभरून चालतात. चोरांची दृष्टी वळली ती मोनेरो या २०१४ मध्ये निघालेल्या चलनाकडे. त्याला कारणे दोन. देणारा कोण, घेणारा कोण आणि रक्कम किती, हे या चलनात झाकलेले राहते, हे एक. दुसरे असे की, नोव्हेंबर २०१९ पासून मोनेरोने रँडमएक्स नावाची जी गणितपद्धती स्वीकारली, ती सामान्य संगणकाच्या मुख्य प्रक्रियकावरच उत्तम चालावी अशा हेतूने रचलेली आहे. श्रीमंतांच्या गोदामांना लगाम बसावा आणि साध्या माणसालाही खाणीत उतरता यावे, हा त्यामागील हेतू. हेतू चांगला होता. पण साध्या माणसाआधी त्याच्या संगणकात चोरच उतरले!

वास्तविक एका घरगुती संगणकावर दिवसभर खणून मिळणारी कमाई इतकी तुटपुंजी असते की, स्वतःच्या पैशाने वीज घेणारा मनुष्य बहुधा तोट्यातच जावा. वीज दुसऱ्याची, यंत्र दुसऱ्याचे आणि झीजही दुसऱ्याची, म्हणजे परभारे पावणेतेरा, असा व्यवहार असेल तरच त्यात नफा आहे. तोही हजारो यंत्रे अशी जुंपली तर. हिशेब अवघड नाही. समजा, या चोरट्या कामामुळे संगणक ६० वॅट वीज अधिक ओढतो आणि चोवीस तास चालतो. दिवसाला १.४४ युनिट आणि महिन्याला सुमारे ४३ युनिट झाली. यंत्रात खेळांसाठी बसविलेले वेगळे चित्र-कार्ड असेल तर आकडा याहून बराच फुगेल. घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढत असल्यामुळे ही वाढीव युनिटे नेमकी वरच्या, महाग टप्प्यात जाऊन बसतात.

हा आयत्या बिळावरचा नागोबा घरात येतो कोठून? सर्वात रुळलेली वाट चकटफू मालाची. पैसे देऊन घ्यावयाची आज्ञावली कोठून तरी फुकट मिळवावयाची, तिचे कुलूप उघडण्यासाठी आणखी एक ‘किल्ली’ उतरवून घ्यावयाची, आणि ती चालविण्यापूर्वी ‘विषाणूरोधक क्षणभर बंद ठेवा’ ही सूचना आज्ञाधारकपणे पाळावयाची! पहारेकऱ्याला स्वतःच्या हाताने खोलीत कोंडून चोराला दार उघडण्याचा हा प्रकार आहे, आणि तो सुशिक्षित घरांत सर्रास चालतो, हे नमूद केले पाहिजे. दुसरी वाट दुर्लक्षाची. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक मोठे छिद्र बुजविणारी दुरुस्ती प्रसिद्ध केली. ती ज्यांनी बसविली नाही त्यांच्या यंत्रांत त्याच वर्षीच्या मे महिन्यापर्यंत अॅडिलकझ नावाची खाणकरी आज्ञावली शिरलेली होती. गंमत अशी की, आत शिरल्यावर ती ते छिद्र आतून बंद करून घेई; दुसऱ्या चोराला वाटा मिळू नये म्हणून. तिसरी वाट संकेतस्थळांची. सप्टेंबर २०१७ मध्ये निघालेल्या कॉइनहाइव्ह या सेवेने पान उघडे असेतोवर पाहणाऱ्याच्या यंत्रावर खाणकाम करण्याची सोय करून दिली. पुढे लोक ती दुसऱ्यांच्या संकेतस्थळांत चोरून घालू लागले. २०१८ मध्ये आंध्र प्रदेशातील काही सरकारी संकेतस्थळांवरही ती आढळली. मार्च २०१९ मध्ये ती सेवा बंद पडली. त्या प्रकाराला पान मिटणे हा उपाय बहुधा पुरे होता. मुक्काम ठोकून राहिलेल्या पाहुण्याची गोष्ट वेगळी.

तथापि पंखा वाजला की चोर आला, असे लगेच मानू नये. आपल्याकडील धूळ हीच पंख्याची मोठी शत्रू. पेटी उघडून ती झाडली तर अर्ध्या तक्रारी मिटतात. विंडोज स्वतःच्या दुरुस्त्या उतरवीत असेल, विषाणूरोधक झडती घेत असेल, तरीही यंत्र काही वेळ दमते. म्हणून निदान शांतपणे करावे. सर्व कामे बंद करून दहा मिनिटे थांबावे, आणि मग कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा. सीपीयूच्या रकान्यावर टिचकी मारली की सर्वात अधिक शक्ती खाणारा वर येतो. स्वस्थ यंत्रात एकूण वापर थोड्या टक्क्यांवर स्थिरावतो. तो साठ-सत्तर टक्क्यांवर अडून राहिला तर संशयाला जागा आहे. येथे एक गफलत नेहमी होते. तपशिलाच्या यादीत ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ या नावापुढे नव्वदाच्या वरचा आकडा दिसतो आणि नवखा मनुष्य दचकतो. तो आकडा रिकामेपणाचा आहे. तो जितका मोठा तितके यंत्र निवांत.

चोर मात्र या यादीलाही ओळखून असतो. पुष्कळ खाणकरी आज्ञावल्या टास्क मॅनेजर उघडताच काम थांबवितात आणि तो मिटताच पुन्हा सुरू करतात. गुरुजी वर्गात आले की पुस्तकात डोके घालणाऱ्या मुलासारखीच ही तऱ्हा. खिडकी उघडताच पंख्याचा आवाज उतरतो आणि मिटल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत चढतो, असे दोन-तीनदा घडले तर तोच सर्वात बोलका पुरावा समजावा. कित्येक चोर विंडोजच्या खऱ्या नोकरांची नावे घेऊन वावरतात. ‘एसव्हीसीहोस्ट’ हे त्यांचे आवडते नाव; कारण त्या नावाच्या खऱ्या प्रतीही एका वेळी अनेक चालू असतात. अशा वेळी नावापेक्षा पत्ता पाहावा. उजवी टिचकी देऊन ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडले की बिऱ्हाड कळते. खरा नोकर विंडोजच्या सिस्टिम३२ या कप्प्यात राहतो. त्याच नावाचा कोणी ‘अॅपडेटा’ किंवा ‘प्रोग्रामडेटा’च्या आडोशाला सापडला तर तो तोतया होय. सिस्टिम३२ मधील खऱ्या फायलीला मात्र हात लावू नये. तसे केल्यास चोर राहील आणि घर पडेल.

समजा, निदान पक्के झाले. घर एका निवृत्त गृहस्थांचे आहे आणि त्या यंत्रात त्यांनी दहा वर्षे पत्रव्यवहार करून जमविलेला घराण्याचा कुलवृत्तान्त, नातवंडांची छायाचित्रे आणि निवृत्तिवेतनाचे कागद आहेत. दुरुस्तीवाल्याकडे यंत्र नेले तर तो ‘सगळे पुसून नवे बसवितो’ म्हणणार, आणि पुसण्याआधी काय वाचवावयाचे हे त्याला ठाऊक नसणार. म्हणून पहिले काम इंटरनेट तोडणे, आणि दुसरे काम हा ऐवज बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेणे. लिखाण, छायाचित्रे, हिशेब तेवढे घ्यावेत. कोठूनही उतरविलेल्या आज्ञावल्या, म्हणजे ज्यांच्या नावाअखेर ‘ईएक्सई’ असते त्या फायली, मागे ठेवाव्यात. नव्या यंत्रांत बिटलॉकरचे कुलूप असते. त्याची ४८ अंकी किल्लीही याच वेळी कागदावर उतरवून ठेवलेली बरी.

पुढे बहुतेकांची चूक होते ती अशी. ते तोतया फाइल शोधून पुसून टाकतात आणि विजयी मुद्रेने यंत्र पुन्हा सुरू करतात; पाहतात तो फाइल पुन्हा जागच्या जागी! कारण तिला जागे करणारा, आणि मेली तर पुन्हा उतरवून आणणारा, वेगळाच असतो. तो बहुधा ‘टास्क शेड्यूलर’मध्ये एखादे साळसूद नाव घेऊन बसलेला सापडतो: दर तासाला, किंवा घरधनी यंत्रात शिरताक्षणी, अमुक फाइल चालवावी अशी नोंद. प्रत्येक संशयित नोंदीची ‘अॅक्शन्स’ ही बाजू वाचावी. चालविली जाणारी फाइल मघाच्याच बिऱ्हाडातील निघाली तर ती नोंद काढून टाकावी. स्टार्टअपची यादी आणि सेवांची यादीही तशीच चाळावी. हे सर्व एकाच जागी दाखविणारे ‘ऑटोरन्स’ नावाचे मोफत साधन खुद्द मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावर मिळते. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी झाकण्याची सोय आहे, म्हणजे परकी माणसे तेवढी उरतात.

यानंतर पहारेकऱ्याला मोकळे करावयाचे. विंडोज सिक्युरिटीच्या सेटिंगमध्ये ‘एक्स्क्लूजन्स’ नावाची यादी असते. ‘या कप्प्यात डोकावू नकोस’ अशी विषाणूरोधकाला दिलेली सूट तेथे नोंदलेली असते. घरात कोणीही न दिलेली सूट तेथे दिसली तर ती चोराने स्वतः लिहून घेतली आहे असे समजून रद्द करावी. मग विषाणूंच्या सूचीचे नूतनीकरण करण्यापुरते इंटरनेट जोडावे, पुन्हा तोडावे आणि ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन’ ही झडती सुरू करावी. यंत्र बंद होऊन उघडते आणि विंडोज पुरते जागे होण्याआधीच झडती होते. म्हणून लपून बसलेल्याला हालचालीला अवसर मिळत नाही. साधारण पाव तास लागतो. नूतनीकरणच होत नसेल तर ‘होस्ट्स’ फाइल तपासावी. विषाणूरोधकांच्या संकेतस्थळांचे रस्ते चोर तेथेच अडवून ठेवतात. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले; त्याच्या संकेतस्थळावरही सफाईची मोफत साधने मिळतात.

एवढे करूनही पंखा तिसऱ्या दिवशी पुन्हा घोंघावू लागला तर हट्ट सोडावा. दुसऱ्या, निरोगी यंत्रावर मायक्रोसॉफ्टच्या साधनाने निदान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजची प्रत तयार करून घ्यावी आणि जुने सर्व पुसून नवी स्थापना करावी. कुलवृत्तान्त डिस्कवर सुखरूप असल्यामुळे आता हात कापण्याचे कारण नाही. स्पष्ट बोलावयाचे तर, ज्या यंत्रावरून पेढीचे व्यवहार होतात त्याच्या बाबतीत हा मार्ग आधीच पत्करणे शहाणपणाचे. खाणकरी स्वतः सहसा कागदपत्रे चोरीत नाही. पण ज्या हस्तकाने त्याला आत आणले तो रिकाम्या हाताने परतला असेल, याची हमी कोण देणार? म्हणून टपाल आणि पेढी यांचे संकेतशब्द बदलावेत, आणि ते दुसऱ्या यंत्रावरून. खात्यातून पैसे गेल्याचे आढळलेच तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही या निमित्ताने पाहून घ्यावे. नवी स्थापना करावयाचीच तर दुरुस्त्या मिळत राहणारी आवृत्ती बसवावी. पुढे एखाद्या रात्री निजण्यापूर्वी यंत्र चालू ठेवून, पडदा काळा झाल्यावर, अर्ध्या तासाने पेटीजवळ कान न्यावा. आणि महिनाअखेर विजेचे बिल आले की आधीच्या दोन-तीन बिलांशी त्याची युनिटे ताडून पाहावीत.